जहाजं पाणबुडे नाही, आमची जाळी फोडतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला बुडालेल्या जहाजांवरचा लेख काल दोनदा वाचला आणि रात्री झोप लागेना म्हणून आज लिहायला बसलोय. लेखकाने सगळा दोष खजिना शोधणारे पाणबुडे आणि मूर्तीचोर यांच्यावर टाकलाय. असतील चोर, नाही म्हणत नाही. पण तीस वाव, म्हणजे साधारण 180 फूट पाण्यात आपल्याकडे किती पाणबुडे उतरतात आणि ट्रॉलरची जाळी किती उतरतात? अख्ख्या पानात ट्रॉलर हा शब्द एकदाच आलाय, तोही फोटोखाली, आणि तो फोटो पण चुकीचा आहे, त्यावर शेवटी लिहितो.

मी डहाणू तालुक्यातला. आमच्याकडची माणसं पाऊस सरला की उचल घेऊन सौराष्ट्रात बोटीवर जातात, तसा मीही गेलो, नऊ सीझन वेरावळ-मांगरोळच्या ट्रॉलरवर खलाशी होतो. ज्यांनी ट्रॉलिंग बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, जाळं पाण्यात तरंगत नसतं, ते तळावरून ओढलं जातं. दोन बाजूला लोखंड मारलेल्या जड फळ्या असतात, त्या चिखल उकरत जातात, त्याच्यामुळे जाळ्याचं तोंड उघडं राहतं, खाली साखळी असते ती तळातली कोळंबी उठवते. दोन-तीन तास असं ओढायचं, वर काढायचं, परत टाकायचं, दिवसरात्र. शेत नांगरतात तसं. वाटेत जे असेल ते मोडणार.

2003 चा जानेवारी असेल. मांगरोळच्या बाहेर पहाटे जाळं धरलं, म्हणजे तळात कशाला तरी अडकलं. इंजिन दबलं, बोट जागच्या जागी थांबली, वायर इतकी ताणली की विंचजवळ, म्हणजे वायर ओढायच्या यंत्राजवळ उभं राहायला भीती वाटत होती. अशा वेळी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, काय करतो, बोट उलटी फिरवून दुसऱ्या बाजूने ओढतो, मग तिसऱ्या बाजूने, सुटत नाही तोवर. आमचं सुटलं पाऊण तासाने. जाळं अर्धं फाटलेलं आणि खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, मासळीबरोबर एक फळी, माझ्या उंचीपेक्षा मोठी. एका बाजूने किड्यांनी चाळण केलेली, पण जी बाजू चिखलात होती ती अशी काही शाबूत की नखाने खरवडली तर आत सागाचा रंग दिसला. तिला तांब्याचा हिरवा पत्रा ठोकलेला. म्हणजे जुनं लाकडी गलबत, किती जुनं ते मला काय माहीत, पण इंजिनाच्या जमान्याआधीचं असावं असं वाटलं.

पत्रा आम्हीच सोलून काढला. मी पण होतो त्यात, लपवत नाही. बंदरात भंगारवाल्याने किलोवर घेतला, आलेले पैसे जाळ्याच्या नुकसानीत वळते झाले. फळी डेकवर उन्हात पडली होती, संध्याकाळपर्यंत तिला हाताचं बोट जाईल एवढ्या चिरा गेल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी ढकलून दिली पाण्यात. एवढी वर्षं जे टिकलं ते आमच्याकडे एक दिवस टिकलं नाही.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. तुर्कस्तानजवळ काळ्या समुद्रात एरेली बंदराबाहेर ख्रिस्तपूर्व काळातलं एक जहाज 2011 ला संशोधकांना सापडलं, 2012 ला ते परत गेले तर मधल्या काळात त्याच्यावरून ट्रॉलरची जाळी फिरून गेली होती. दोन हजार वर्षांहून जुनं जहाज आणि एक वर्ष! निदान त्यांच्याकडे आधीचे आणि नंतरचे फोटो तरी आहेत. गोव्यात सुंची खडकाजवळ सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष आणि हस्तिदंत मिळाले, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी ते काम केलं. तिथे उथळ पाणी आणि खडक आहे, ट्रॉलर जात नाही, माझ्या मते म्हणूनच ते शोधणाऱ्यांना मिळालं. सपाट चिखलात जे होतं त्याचं काय झालं ते तांडेलांना विचारा.

आणि विजली? म्हणजे 1888 च्या नोव्हेंबरात मांडवीहून मुंबईला निघालेली वैतरणा आगबोट, सातशेच्या वर माणसं घेऊन सौराष्ट्राच्याच समुद्रात गेली. आपली युद्धनौका खुकरी 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ बुडाली, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले, तिचे कॅप्टन मुल्ला बोट सोडून गेले नाहीत. दीवला टेकाडावर काचेत खुकरीचं मॉडेल ठेवलंय, मी दोनदा जाऊन नमस्कार करून आलो. पण नऊ सीझनमध्ये एकदाही कोणी बोटीवर येऊन सांगितलं नाही की बाबांनो इथे आपली माणसं झोपलीत, इथे जाळं टाकू नका. शंभर वर्षं झाली तरच वारसा असा नियम असेल तर खुकरीला 2071 पर्यंत थांबावं लागणार का?

मच्छीमार मुद्दाम करतो असं कोणी समजू नये. जाळं फाटलं की मालक खलाशांच्या हिशोबातून कापतो, आमच्याकडून दोन वेळा कापलंय. प्रत्येक तांडेलाच्या जीपीएसमध्ये जाळं धरणाऱ्या जागांचे मार्क असतात, पूर्वी वहीत असायचे. त्यातले किती खडक आणि किती जहाजं हे तपासायला सरकारी खात्याने एकदा बंदरावर येऊन बसावं, जाळ्याची भरपाई द्यावी, नकाशा आपोआप तयार होईल. कुठल्याही सर्व्हेपेक्षा स्वस्तात होईल.

आता फोटोचं. तुम्ही ट्रॉलर म्हणून छापलेली बोट गिलनेटची आहे, म्हणजे तळ न ओरबाडता पाण्यात उभं जाळं लावणारी, मागे ना गॅलोज (फळ्या टांगायची चौकट) ना फळ्या. आधीच आमच्या छोट्या गिलनेटवाल्यांना ट्रॉलरवाले जगू देत नाहीत, रात्री त्यांची जाळी कापून जातात, वर तुम्ही गिलनेटवाल्यांचाच फोटो लावून ट्रॉलर लिहिता. दुरुस्ती छापावी, आणि छोटी चौकट नको, त्याच पानावर हवी.

त्या फळीतला एक तांब्याचा खिळा माझ्याकडे अजून आहे, करंगळीएवढा, चौकोनी. अभ्यास करणाऱ्या कोणाला हवा असेल तर फुकट देईन, जागा साधारण कुठली तेही सांगेन.

आपला,
एक जुना खलाशी, ता. डहाणू