तुझा गिलावा मी खरवडला होता

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू घराची चौकशी केलीस आणि मी "चाललंय" म्हणून विषय बदलला. तुझ्या ते लक्षात आलंच असणार. दोन वर्षं मी तेच करतोय. तोंडाने सांगायला जमत नाही, म्हणून आज लिहायला बसलोय. पत्र लांबेल, सवडीने वाच.

पहिला दिवस आठवतो? दार उघडेना, म्हणून तू खांदा लावलास आणि दारासकट आत गेलास. बिजागऱ्या गंजून नुसत्या नावाला उरल्या होत्या. आत तो कुबट वास, भिंतींचे पोपडे, कोपऱ्यात वाळवीने वर चढवलेली मातीची नळी. आणि मी शहाणा, खिशात रंगाचं कार्ड घेऊन आलो होतो! तू ते काढून घेतलंस आणि म्हणालास, "रंग सगळ्यात शेवटी. आधी पाणी कुठून येतंय ते बघू."

मग तू दिवाणखान्याच्या भिंतीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावलास. मला तो पोरखेळ वाटला होता. दोन दिवसांनी काढला, तर थेंब आतल्या बाजूला, भिंतीकडून. खोलीकडच्या बाजूला असते तर ती हवेतली वाफ, दारं-खिडक्या उघड्या ठेवून भागलं असतं. आपली ओल भिंतीच्या पोटातली होती. बाहेर जाऊन पाहिलं, तर वर्षानुवर्षं कुणीकुणी टाकलेली माती आणि राडारोडा जोत्याच्या वर चढलेला, फुटक्या पन्हळीचं पाणी नेमकं तिथेच पडत होतं. भिंत बिचारी वातीसारखी पाणी ओढत होती.

माती उपसायला दहाजण लागले आणि ते आले. ताई, मेहुणे, मामा, ऑफिसातले तिघे, दादाची पोरं. आतल्या फरशीपेक्षा वीतभर खाली जाईपर्यंत खणलं, घरापासून लांब उतार दिला, पन्हळ बदलली. घराच्या खऱ्या दुरुस्तीतला निम्मा भाग त्या दोन दिवसांत झाला, असं आता मला वाटतं. दिसायला मात्र काहीच झालं नव्हतं. उलट घराभोवती खंदक खणल्यासारखं दिसत होतं. मेहुणे म्हणालेही, "घामाच्या मानाने शोभा नाही."

आता मुद्द्यावर येतो.

त्या भिंतीचा खालचा कंबरभर गिलावा तू केलास. चुन्याचा. सिमेंट नको म्हणालास, कारण जुनं बांधकाम चुन्यातलं, भिंतीला श्वास घ्यायला जागा हवी. एक भाग चुना, तीन भाग वाळू. थर बोटभरापेक्षा जाड नाही आणि वर ओलं गोणपाट. तू चार दिवस राबलास. तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी मी नख दाबून पाहिलं तर नख आत गेलं. आठव्या दिवशीही गेलं. मला वाटलं, मिश्रण बिघडलं. मला तेव्हा हे ठाऊकच नव्हतं की चुना वाळून घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू परत दगड होतो आणि त्याला आठवडे-महिने लागतात. सिमेंटचं वेगळं, ते पाण्याशी संयोग पावून कडक होतं, सात दिवस पाणी मारलं आणि अठ्ठावीस दिवस झाले की बऱ्यापैकी ताकद येते. मी सिमेंटच्या घड्याळाने चुना मोजत होतो.

तुला फोन करायचा होता. नुसतं विचारायचं होतं, "अरे, हे अजून मऊ कसं?" मी तो केला नाही. मजुरी देऊन काम करून घेतलं असतं, तर सरळ म्हटलं असतं, हे पुन्हा कर. पण तू रजा टाकून आलेला, हातांना फोड आलेले, एक पैसा न घेता राबलेला. तुला कसं सांगायचं की तुझं काम जमलेलं नाही? भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. एका रात्री मी आणि मेहुण्यांनी दिवा लावून तो सगळा गिलावा खरवडला आणि दुसऱ्या दिवशी सिमेंटचा मारला. मेहुण्यांना दोष देऊ नकोस, त्यांना मी सांगितलं होतं की तूच तसं म्हणालास.

पुढच्या महिन्यात तू आलास. भिंतीशी गेलास, बोटाच्या पेराने टकटक केलंस. काही बोलला नाहीस. संध्याकाळी तुला अचानक काम आठवलं. त्यानंतर तू आला नाहीस. मीही बोलावलं नाही, कारण बोलावलं असतं तर बोलावं लागलं असतं.

आता त्या भिंतीचं काय झालं ते ऐक. पहिलं वर्ष झकास. गुळगुळीत, कडक, येणारा-जाणारा हात फिरवायचा. मग एक लांबलचक ओला हंगाम गेला आणि सिमेंट संपतं त्याच्या वर, छातीच्या उंचीला, भिंत पांढरी फुलायला लागली. लोणा! ब्रशने झाडला की चार दिवसांत परत. खाली सिमेंट भिंत सोडून फुगलं, ठोकलं की पोकळ वाजायचं. भिंतीत आधीचं पाणी होतंच. अठरा इंची भिंत, इंचाला महिना धरला तरी सुकायला दीड वर्ष. त्या पाण्याची बाहेर पडायची वाट मी सिमेंटने बुजवली होती. मग ते वर चढलं आणि जिथे उघडं सापडलं तिथे मीठ टाकून गेलं.

गेल्या महिन्यात सगळं फोडलं. आणि खरी गंमत पुढेच. दाराच्या मागे, दार उघडं असलं की झाकलं जातं तिथे, हातभर पट्टा तुझ्या चुन्याचा राहिला होता. त्या रात्री दिव्याचा उजेड तिथे पोचला नव्हता. मी नख दाबलं. उठलं नाही. खिळ्याने ओरखडा काढून पाहिला, पांढरी रेघ उठली, बस. थोडा लोणा होता, तो हाताने झटकला गेला, पण गिलावा भिंतीला घट्ट. मी तिथेच खाली बसलो. घरात कुणी नव्हतं ते बरं झालं.

हे लिहून झालं, आता जरा मोकळं वाटतंय. बाकीचं घर सांगतो.

छप्पर मामांनी सांभाळलं. फुटकी कौलं बदलताना एका वाशाचं भिंतीत टेकलेलं टोक त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने टोचलं, तर तो मुठीपर्यंत आत! लाकूड ओलं राहिलं की बुरशी धरते, कोरडं ठेवलं तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. त्यांनी कुजकं कापलं, पुढचं हातभर चांगलंही कापलं, दोन्ही बाजूंना नवे तुकडे देऊन बोल्ट मारले. शिडीच्या बाबतीत फार कडक आहेत. चार हात उंचीला एक हात पाय बाहेर, नाहीतर चढू देत नाहीत, मग मी असो की दादा.

पण त्यांनी केलेलं फडताळ एका बाजूला बोटभर कललेलं होतं. या वेळी मी गप्प राहिलो नाही. म्हटलं, "मामा, हे उतरतंय." अर्धा तास बोलले नाहीत. माझ्या पोटात गोळा. मग म्हणाले, "लेव्हल कुठेय?" आणि पाचर ठोकून सरळ करून दिलं. वर मलाच ऐकवलं, "आधी का नाही बोललास? स्क्रू आवळायच्या आधी सांगायचं असतं." मी भिंतीकडे बघत राहिलो.

वायरिंगला मात्र घरातल्या कुणालाच हात लावू दिला नाही. दादाने बराच आग्रह केला, त्याला स्विचबोर्ड जमतं म्हणे. जुन्या तारांचं रबर हात लावला की भुगा होत होतं. परवाना असलेला माणूस बोलावला, अर्थिंग नवं केलं आणि तीस मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारं यंत्र बसवलं. दादा दोन दिवस फुगून होता. फुगू दे. तसंच मेहुण्यांचं ते मधली भिंत पाडण्याचं खूळ. "हॉल किती मोठा होईल!" घण घेऊन तयारच होते. वरचं सगळं ओझं त्याच भिंतीवर उतरतंय, हे इंजिनिअरने दाखवलं तेव्हा घण खाली ठेवला. ताईने तो लपवून ठेवलाय, अजून सापडलेला नाही.

ताईचंच आणखी एक. खिडक्यांना जवसाचं तेल लावून तेलकट चिंध्या बादलीत बोळा करून ठेवल्या आणि सगळे जेवायला बसलो. अर्ध्या तासाने धुराचा वास. काडी नाही, विस्तव नाही, चिंध्या आपोआप तापलेल्या! ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती कोंडते. पाणी ओतलं म्हणून निभावलं. आता चिंध्या पसरून वाळवतो किंवा पाण्यात बुडवून ठेवतो. तुझ्याकडे असलं काही काम निघालं तर लक्षात ठेव.

आणि सर्वांत मोठी मदत कुणाची झाली सांगू? आत्याची. गुडघे धरलेले, जिना चढवत नाही. दारात खुर्ची टाकून बसली आणि जुन्या घरातले सगळे खिळे, स्क्रू, कडी-कोयंडे मापाप्रमाणे डब्यांत लावले. कुणी "अमुक स्क्रू" म्हणायचा अवकाश, आत्याचा हात पुढे. माणसं कमी पडत नाहीत रे, हातातली वस्तू शोधण्यातच दिवस जातो. दादाच्या धाकटीला सिमेंटच्या कामावर दिवसातून तीनदा पाणी मारायचं काम दिलं होतं. ती खडूने भिंतीवर रेघा ओढून हिशेब ठेवायची. एकदा रेघ जास्त आणि पाणी कमी निघालं, ते सोड.

अजून बरंच बाकी आहे. स्वयंपाकघराची खिडकी अडकते, जिन्याची तिसरी पायरी करकरते, आणि माझा निम्मा संसार खोक्यांत आहे.

दिवाणखान्याची भिंत मात्र मी तशीच उघडी ठेवली आहे. दगड दिसतायत, सुकतायत. तुझं प्लास्टिक परत लावून पाहिलं, आता थेंब नाही, नुसतं धुकं. कळीचा चुना आणला, डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे घालून विझवला (काय उकळतो रे तो!) आणि पिंपात पाण्याखाली बुडवून ठेवला. तो मुरेल तितका चांगला, त्यामुळे त्याला घाई नाही. मला थोडी आहे. थापी मी तुझ्या हातात देईन आणि वाळू चाळीन. आणि काही खटकलं तर तिथल्या तिथे बोलेन, तूही बोल.

दारामागचा पट्टा काढायचा नाही, एवढं आधीच ठरवलंय. नवा गिलावा त्याला जोडून घेऊ.

येताना हातमोजे आण. तुझे इथे राहिलेले उंदरांनी कुरतडले.

तुझाच,
भिंतीसमोर बसलेला मित्र