दादा, त्या आवाजाआडचं गाणं ऐकवल्याबद्दल थँक्यू

प्रिय दादा,

तुला थँक्यू म्हणायचं कधीचं राहिलंय, आज सगळ्यांसमोर म्हणतो. टोकियोतला माझा पहिला हिवाळा, ऑफिसात दिवसभर कोणी काय बोलतंय कळायचं नाही आणि निशी-कासाईच्या खोलीवर आलो की तुझ्याशीसुद्धा मराठीत बोलावंसं वाटायचं नाही, तेव्हा तू गिटार वुल्फ या जपानी रॉक बँडची 'जेट जनरेशन' हातात ठेवलीस. 1999 ची सीडी. लावली आणि दहा सेकंदांत बंद केली, कारण मला खरंच वाटलं तुझा स्पीकर फाटला आणि तोही माझ्या हातून. तू हसलास आणि सीडीवरची वॉर्निंग वाचायला लावलीस, की हा इतिहासातला सगळ्यात लाऊड अल्बम आहे, नेहमीच्या आवाजात लावला तरी स्टिरिओची वाट लागू शकते.

मग म्हणालास, आवाज कमी कर, आधी फक्त स्नेअर ड्रम धर, मग बास, गिटार येतेच अंगावर. तिसऱ्यांदा ऐकताना आतलं गाणं सापडलं रे, साधं दोन-तीन कॉर्डचं रॉक अँड रोल! रेकॉर्डिंगची लेव्हल मीटरच्या लाल पट्ट्यात गेली की आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जाऊन सपाट होतात आणि तीच ती खरखर, हे तू पेपर नॅपकिनवर काढून दाखवलंस. बाकीचे जे टाळतात ते यांनी मुद्दाम ठेवलंय, हे कळल्यावर माझे कानच बदलले.

गिटारवर सेइजी, बासवर बिली, ड्रम्सवर तोरू, तिघांचंही स्टेजवरचं आडनाव वुल्फ, अमेरिकेच्या रामोन्स बँडसारखं. त्यांचा 'वुल्फ रॉक!' 1993 मध्ये थेट अमेरिकेत, मेम्फिसच्या गोनर रेकॉर्ड्सची पहिलीच रेकॉर्ड म्हणून निघाला, तोही तू ऐकवलास आणि तो तर याहून कच्चा, जणू बंद दाराबाहेरून कॅसेटवर घेतलाय. मला तोच जास्त आवडतो, तुला पटत नसलं तरी.

पण खरं थँक्यू त्या लाईव्ह हाऊसच्या, म्हणजे छोट्या म्युझिक क्लबातल्या, रात्रीसाठी. सेइजीने गर्दीतल्या एका पोराला वर ओढून गिटार त्याच्या गळ्यात घातली, त्याला एक कॉर्डही येत नव्हती, त्याने नुसत्या तारा खेचल्या, अँप किंचाळला आणि अख्खी खोली त्याच्यासाठी ओरडली. लहानपणी क्लासमध्ये मला सांगितलं होतं की तुझा हात गिटारचा नाही, तेव्हापासून मी हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी तू काही न विचारता मला ओचानोमिझूच्या गिटारच्या दुकानांत नेलंस.

बिली 2005 मध्ये गेला, जेमतेम 38 वर्षांचा. त्याचा बास ऐकताना अजून घशात काहीतरी अडकतं.

सीडी माझ्याकडेच आहे दादा. पुण्यात आलास की देतो, पण आधी एकदा बसून ऐकू, या वेळी फुल आवाजात.

तुझा रूममेट