जुन्या नोंदी टाकून देऊ नकोस

मालवण

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या किराणा-मासळीच्या ॲपवर गिऱ्हाइकाला काय सुचवायचं ते ठरवताना फक्त गेले ३० दिवस बघायचे, मागची खरेदी सोडून द्यायची, असं तुमच्या टीममध्ये घाटतंय म्हणतोस. अवी, तसं करू नका. अगदी कळकळीनं सांगतोय.

इथलंच घे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून घरोघरी सुकट नि सोडे. श्रावणात बऱ्याच घरांत तेही नाही. गणपती गेले की त्याच घराला सुरमई हवी असते, आणि तुमचं ॲप त्याला पनीर दाखवणार! बरं, 'गेल्या वर्षी याच तारखेला काय घेतलं' हेही चालायचं नाही. चतुर्थी २०२३ला १९ सप्टेंबरला होती, २०२४ला ७ सप्टेंबरला, २०२५ला थेट २७ ऑगस्टला. जुन्या नोंदींवरून अंदाज बांधणाऱ्या तुमच्या मॉडेलला तारखेबरोबर तिथीही द्या. आपल्याकडच्या गिऱ्हाइकासाठी मला हे सगळ्यांत मोलाचं वाटतं.

नेटफ्लिक्सची दहा लाख डॉलरची स्पर्धा आठवते? कोणता प्रेक्षक कोणत्या सिनेमाला किती रेटिंग देईल, याचा अंदाज बांधायची. २००९मध्ये जिंकलेल्या चमूतल्या येहुदा कोरेननं त्याच वर्षी काळानुसार बदलणाऱ्या आवडीवर निबंध लिहिला. दहा कोटींहून जास्त रेटिंग्ज होती त्याच्यापुढे. जुन्या रेटिंगचं वजन उतरवत नेऊन बघितलं, तर जितकं जास्त उतरवलं तितका अंदाज बिघडला. मग एखादा माणूस एकंदरीत किती सढळ हातानं रेटिंग देतो, याचे त्यानं तीन भाग केले: कायमचा, हळूहळू सरकणारा आणि त्या एका दिवसापुरता. आवडीनिवडीलाही तीच रीत लावली.

तुमच्या नोंदींतही हे तिन्ही असणार. डॉक्टरांनी रक्तदाबापायी खारं बंद केलं, की सुक्या मासळीची खरेदी उतरत जाते नि परत वर येत नाही. पाहुणे आले म्हणून एकदाच मागवलेली दोन किलो कोळंबी मात्र त्या दिवसाचीच. तिच्यावरून पुढचा महिनाभर कोळंबी सुचवू नये. त्यात एका फोनवरून सगळं घर ऑर्डर करतं, तेव्हा दिवसापुरता भाग वेगळा ठेवाच.

तपासताना नोंदी पिसून अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे करू नका. मॉडेलला पुढचं आधीच दिसतं आणि आकडे उगाच छान येतात. श्रावण संपेपर्यंतच्या नोंदींवर शिकवा, गणपतीनंतरच्या पंधरवड्यावर तपासा. ३० दिवसांचं मॉडेल आणि हे, दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून मला पाठव. मी वाट बघतोय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर