खेळणाऱ्याने उभे कुठे राहायचे?

महोदय,

शहरात हिंडून खेळायच्या मोबाइल गेमवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ग्राफिक्स, बक्षिसे, जाहिरातींचे उत्पन्न सगळे आले. खेळणारा नेमका उभा कुठे राहणार, एवढेच राहिले. असा एक छोटा गेम तयार करताना आमचे हात पोळले आहेत, म्हणून लिहितो.

मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतो. उंच इमारतींच्या मधे मात्र उपग्रहाचा सिग्नल भिंतीवर आपटून येतो, त्याला किंचित उशीर होतो आणि फोनचा हिशेब चुकतो. आम्ही एका पुतळ्यापाशी खजिना ठेवून भोवती १५ मीटरचे वर्तुळ आखले; खेळणाऱ्याचा ठिपका त्यात आला की खजिना त्याचा. नकाशावर झकास दिसत होते. चाचणीच्या दिवशी एक मुलगी पुतळ्याला टेकून उभी, आणि तिचा ठिपका रस्त्यापलीकडे! तो जुळवायला ती स्क्रीनवर डोळे लावून एकेक पाऊल मागे सरकत फुटपाथवरून खाली उतरली. मागून हॉर्न वाजला. त्याच संध्याकाळी वर्तुळ ५० मीटर केले. 'मग यात आव्हान काय उरले?' असे आमच्यातल्याच एकाने विचारले. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीला त्यालाच पाठवले.

'पोकेमॉन गो'ने २०२० मध्ये, महासाथीच्या काळात, पोकेस्टॉप, म्हणजे गेममध्ये बक्षिसे मिळायची ठिकाणे, जितक्या लांबून वापरता येत ते अंतर ४० मीटरवरून ८० केले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये काही देशांत ते पुन्हा ४० वर आणताच खेळाडू खवळले. त्याच महिन्यात कंपनीला ८० कायम ठेवत असल्याचे जाहीर करावे लागले. तक्रार केवळ संसर्गाची नव्हती. व्हीलचेअरवरून खेळणाऱ्यांना ते जास्तीचे ४० मीटर म्हणजे ओलांडावा न लागणारा एक रस्ता होता.

जागांची निवड हेही तसेच दुखणे. याच गेममधली बरीच ठिकाणे 'इन्ग्रेस' या आधीच्या गेमच्या खेळाडूंनी सुचवलेली होती. २०१६ मध्ये आउशवित्झ या नाझी छळछावणीच्या स्मारकात लोक पोकेमॉन पकडू लागले, तेव्हा आमची जागा वगळा, असे स्मारकालाच सांगावे लागले. यादी आयती मिळाली तरी प्रत्येक जागी कुणीतरी जाऊन यायला हवे, आणि तेही दिवसा एकदा, रात्री एकदा. कंटाळवाणे काम आहे, पण दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

एक विनंती. पुढच्या वेळी अशा गेमचे परीक्षण छापाल, तेव्हा परीक्षकाला अंधार पडल्यावर, गर्दीच्या रस्त्यावर, तासभर खेळायला लावा. बॅटरी किती उरली, हेही त्याला लिहायला सांगा.

आपला,
एक वाचक