हुकावरचं वजन

प्रिय भाऊ,

अक्षर ओळखलंस तरी पत्र फाडू नकोस. आधी वाच, मग शिव्या दे. चौदा महिन्यांत एक ओळ लिहिली नाही हे मला ठाऊक आहे, तात्याने बोटांवर मोजून दाखवलं. प्रकृती ठीक. गुडघा होता तसाच, गोळी रोज घेतो. पुढे.

परवा वजनकाट्यावर उभा होतो आणि तुझी आठवण आली. खरं सांगायचं तर आठवण नाही, लाज वाटली. पण ते ओघात येईल, कारण सुरुवात गाडीपासून झाली.

आपली जुनी गाडी अखेर गेली. मागचा पाटा जिथे शॅकलच्या कडीने टांगलेला असतो तिथे चॅसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, चीर पडली. दोनदा वेल्डिंग केलं, तिसऱ्या वेळी तात्याने यंत्र खाली ठेवलं आणि नुसतीच मान हलवली. त्यामुळे कंप्रेसरची ट्रॉली ओढायला दुसरी फोर बाय फोर हवी. नवी परवडत नाही. जुनी घ्यायची म्हणजे दुसऱ्याची दुखणी पैसे मोजून घरी आणायची. दीड महिना डोक्यात दुसरं काही नाही. ही म्हणते, घर बांधतानासुद्धा एवढे फिरला नव्हतात.

फिरून फिरून दोन गाड्या उरल्यात. एक देखणा, एक म्हातारी.

देखणा म्हणजे डबल कॅबिनचा पिकअप. टर्बो डिझेल, ऑटोमॅटिक, रंग असा की तोंड बघून भांग पाडावा. विकणारा पहिल्या वाक्यापासून एकच गोष्ट घोकत होता: साडेतीन टन ओढते, साडेतीन टन ओढते. मी म्हटलं, कागद दाखवा. कागदावर गाडीचं भरलेलं वजन जास्तीत जास्त ३,२०० किलो, ओढायची मर्यादा ३,५०० किलो आणि गाडी-ट्रॉली मिळून ६,००० किलो. तू गणितात माझ्यापेक्षा बरा होतास, कर बेरीज. ३,२०० आणि ३,५०० म्हणजे ६,७००. मधले सातशे किलो गेले कुठे? साडेतीन टन खरंच ओढायचे असतील तर गाडी जवळपास रिकामीच न्यायला लागेल. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "साहेब, एवढं कोण बघतं?" मी बघतो. आता बघतो.

आपली ट्रॉली पावणेतीन टनांच्या वर आहे, म्हणजे कागदावर बसते. पण ट्रॉलीच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे पावणेतीनशे-तीनशे किलो, गाडीच्या हुकावर येणार, आणि ते गाडीच्याच भारात मोजायचे, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. त्यातही हूक मागच्या एक्सलच्या पाठीमागे लोंबतो. समज, हूक एक्सलपासून १.२ मीटर मागे आणि दोन एक्सलमधलं अंतर ३.२ मीटर. हुकावर २८० किलो ठेवले तर मागच्या चाकांवर ३८५ पडतात, आणि पुढच्या चाकांवरचे १०५ किलो उचलले जातात. तरफ आहे ती. स्टिअरिंग हलकं लागलं की माणूस खूश होतो ना? पुढच्या चाकांवरचा भार कमी झालेला असतो, लेका.

देखण्याच्या खाली गेलो. (हो, गुडघ्यासकट. तू असतास तर तुलाच ढकललं असतं.) चॅसीला ताजा काळा रंग. गंज नसेल तर कोण कशाला रंग मारतो? हातोडीने ठोकत गेलो, टणटण आवाज आला, एका जागी मात्र भद्द. तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबला तर पापुद्रा निघाला. "ही गाडी कधीच काही ओढलेली नाही," हे त्याचं दुसरं पालुपद. हूक काढून ठेवला होता, पण बोल्टची भोकं घासून लांबट झालेली, आणि बंपरच्या आत ट्रॉलीच्या दिव्यांसाठीच्या सात पिनांच्या सॉकेटच्या वायरी टेप गुंडाळून लपवलेल्या. मग गिअरबॉक्सचं तेल पाहिलं. ते लालसर असायला हवं, हे चहासारखं काळपट आणि जळका वास. ऑटोमॅटिकवर जड ओढलं की कन्व्हर्टरमध्ये (क्लचच्या जागी तेलातून ताकद देणारा भाग) तेल तापतं, वेगळा कूलर नसला तर शिजतं. मला चहा विचारला, मी म्हटलं, तुमच्या गिअरबॉक्समध्ये आहे. त्याला विनोद कळला नाही. तुला कळला असता आणि तू हसला नसतास, तुझी ती जुनी खोड.

वर त्याने हौसेने कडक कोरड्या रस्त्यावर फोर हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद, टाकून गाडी गोल फिरवून दाखवली. टायर कुरकुरले, स्टिअरिंग जड झालं, नंतर टू व्हीलमध्ये निघता निघेना. या गाडीत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नाही. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, मातीत चाक थोडं घसरून हिशेब मिटवतं, डांबरावर तो मिटत नाही आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. हे तूच मला शिकवलंस. मी तेव्हा म्हणालो होतो की तू पुस्तकी आहेस.

म्हातारीची गोष्ट वेगळी. ४.२ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो नाही, दोन्हीकडे सलग एक्सल. चार लाख किलोमीटरच्या वर गेलेली, आणि मालक ते लपवत नाही. पहिल्या दिवसापासूनची वही आहे त्याच्याकडे: ऑइल कधी बदललं, टायमिंग बेल्ट कधी, क्रॉसला ग्रीस कधी. "हूक आहे, खूप ओढलंय मी," असं सरळ म्हणाला. पुढच्या हबमधून तेल झिरपतं. (तेल झिरपतं म्हणजे आत तेल आहे, तात्याचं शास्त्र.) थंड इंजिन पहिल्या सेल्फला उठलं. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं, वाफ थोडी, धापा नाहीत. झाकणाच्या आत दुधाळ साय नाही, म्हणजे तेलात पाणी गेल्याची खूण नाही. चढावर काळा धूर सोडते, पण ऑइल जळाल्याचा निळा नाही. फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या हळू गिअरात, साधारण अडीच पट ताकद मिळते. चिखलातल्या साइटवर मागची ट्रॉली घेऊन क्लच न जाळता मुंगीसारखी निघाली. रिव्हर्सला तर काय सांगू, इंचाइंचाने मागे जाते. १९४८ साली पहिली लँड रोव्हर निघाली तेव्हा शेतीची अवजारं चालवायला इंजिनातून शाफ्ट बाहेर घेता यायचा. तेव्हा गाडीकडे काम मागायचे, आता आमच्या हिला मागच्या सीटला एसीची झडप हवी आहे. म्हातारीत ती नाही. मेव्हण्याने फोटो पाहिला आणि "भंगार कितीला?" म्हणाला. त्याचं तू फार मनावर घ्यायचास, मी घेत नाही.

आता वजनकाटा. म्हातारी घ्यायची तर ट्रॉलीचं खरं वजन माहीत हवं म्हणून काट्यावर नेली. गाडीपासून सोडवून सगळी चढवली: २,७८० किलो. मग चाकं बाहेर ठेवून नुसतं पुढचं टेकूचाक काट्यावर घेतलं. काट्यावर आकडा ९०.

नव्वद, भाऊ. दहावा हिस्सा म्हणजे पावणेतीनशेच्या पुढे हवे होते, हुकावर भार कमी पडला की ट्रॉली मागे डोलते. माझी पाइपांची भेंडोळी, हत्यारांची पेटी, डिझेलचे कॅन, सगळं मागच्या टोकाला. गेली कित्येक वर्षं तिथेच, कारण मागून काढायला सोपं पडतं. तिथेच, त्या रात्रीसुद्धा.

तू तेव्हा म्हणाला होतास की माल मागे भरलायस. ट्रॉलीने शेपूट हलवायला सुरुवात केली, मी ब्रेक दाबला, तू ओरडलास, "ब्रेक सोड!" आणि मी सोडला नाही. मागचं वजन गाडीला ढकलत होतं आणि मी पुढून अडवत होतो, मग ती आडवी होणार नाही तर काय? नुसता पाय उचलून चाक सरळ धरायचं होतं. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरलो की ब्रेक धरले नाहीत आणि वर तू ओरडून माझं लक्ष घालवलंस. तात्यालाही तसंच सांगितलं. वहिनींनाही. तुझ्या खांद्याचं मी एकदाही नीट विचारलं नाही.

काट्यावरच्या पोराला मी म्हटलं, पुन्हा मोज. मग पेटी, कॅन आणि पाइप एक्सलच्या पुढे आणले. २७०. एकूण वजन तेवढंच. पोरगं वैतागलं, दोन्ही पावत्या दिल्या त्याने. या पत्रात घातल्या आहेत.

आता माझा घोळ असा की देखण्यात एक सोय आहे. ट्रॉली डोलायला लागली की गाडी स्वतःच एकेका चाकाला ब्रेक लावून सावरते. म्हातारीत असलं काही नाही. त्या रात्री ती सोय असती तर कदाचित... या कदाचितपाशी मी दर रात्री अडकतो. ही म्हणते तीच गाडी घ्या, जीव महत्त्वाचा. तिचं चुकत नाही. पण जळक्या तेलाचा गिअरबॉक्स आणि पोकळ चॅसी घेऊन सोय काय कामाची? म्हातारी घेतली तर ट्रॉलीचे स्वतःचे ब्रेक आधी दुरुस्त करायचे, चारही टायर एकाच मापाचे घालायचे आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये म्हाताऱ्यासारखं चालवायचं. वय झालंच आहे.

तुझं काय चाललंय? नोकरी सोडलीस असं कानावर आलं, खरं का? धाकट्याची परीक्षा झाली असेल. वहिनींना नमस्कार, माझ्यावर रागावल्या असतील तर त्यांचं बरोबर आहे.

रविवारी म्हातारीला पूर्ण भरून, ट्रॉली लावून एकदा उतारावर न्यायची आहे. मालक तयार आहे. शेजारच्या सीटवर तू हवास. मागून आवाज आला तर तो डिफरन्शियलचा की हबचा, हे मला अजून ओळखता येत नाही. मी चालवीन, तू ओरड.

येताना टॉर्च आण. हातोडी शोधत बसू नकोस, ती इतकी वर्षं माझ्याकडेच आहे.

तुझा,
मीच