कोचला पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

लाइफ कोच, करिअर कोच, एक्झिक्युटिव्ह कोच, रिलेशनशिप कोच, म्हणजे फी घेऊन बोलण्यातून माणसाला स्वतःची वाट शोधायला मदत करणारे, अशांच्या जाहिरातींचा सध्या सुकाळ आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही या मंडळींचे सल्ले नियमित छापून येतात. चाकण परिसरातील एका इंजिनिअरिंग कंपनीच्या मनुष्यबळ विभागात माझी नोकरी झाली आणि अधिकाऱ्यांसाठी कोच नेमण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. कामात हुशार, पण हाताखालच्या माणसांशी बोलताच न येणारा अधिकारी चांगल्या कोचबरोबर सहा-आठ महिन्यांत किती बदलतो, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणूनच या नावाखाली आज जे विकले जात आहे ते पाहून जीव तुटतो आणि हे पत्र लिहावेसे वाटले.

आपल्याकडे स्वतःला कोच म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीकडे नाव नोंदवावे लागते. कोचला यातले काहीच नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, पण त्यांचा रोख शिकवण्या आणि परीक्षांच्या क्लासेसवर आहे. त्यातून समुपदेशन तर स्पष्टपणे वगळले आहे. त्यामुळे माणूस पारखून घेण्याची जबाबदारी शेवटी ग्राहकावरच येते.

पारखण्याचा एक आधार आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन (आयसीएफ) ही संस्था कोचना एसीसी, पीसीसी आणि एमसीसी अशा चढत्या क्रमाने तीन श्रेणी देते. एसीसीसाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. पीसीसीसाठी हेच आकडे १२५ आणि ५०० होतात, एमसीसीसाठी २०० आणि २,५००. एखाद्याकडे अशी श्रेणी आहे का, हे संस्थेच्या संकेतस्थळावर नाव टाकून कोणालाही बघता येते. मात्र इथे एक मेख आहे. ‘आयसीएफ मान्यताप्राप्त कोर्स केला’ आणि ‘आयसीएफची श्रेणी मिळाली’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कोर्स अनेक जण करतात. श्रेणीसाठी पुढे इतके तास लोकांबरोबर बसावे लागते, आपले काम जाणत्यांकडून तपासून घ्यावे लागते आणि परीक्षा द्यावी लागते. जाहिरातीत हा फरक मोठ्या खुबीने पुसला जातो. श्रेणी नसलेले उत्तम कोचही मला भेटले आहेत आणि श्रेणी असूनही कोरडे बोलणारेही, तेव्हा तेवढ्यावरच निर्णय घेऊ नये. पण जो श्रेणी सांगतो, त्याची ती तपासून घेण्यात संकोच कसला?

माझ्या मते खरी पारख पहिल्या भेटीत होते. बहुतेक कोच पहिले अर्ध्या-पाऊण तासाचे बोलणे विनामूल्य ठेवतात. त्या वेळात जास्त कोण बोलले, याकडे लक्ष द्यावे. स्वतःच्या यशाच्या गोष्टी सांगण्यात ज्याचा अर्धा तास जातो, तो पुढेही तेच करणार. जो विचारतो, थांबतो, तुम्ही टाळलेल्या मुद्द्याकडे हळूच परत आणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जावे. आणखी एक प्रश्न जरूर विचारावा : ‘तुम्ही कोणाला नकार देता?’ आमच्याकडे येणाऱ्या एका कोच बाईंनी एका व्यवस्थापकाला पहिल्या भेटीनंतर सरळ सांगितले की तुमची झोप उडाली आहे, जगण्यात राम नाही असे तुम्ही म्हणता, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, माझे काम त्यानंतर. पूर्ण पॅकेजची फी त्यांनी सोडली. खोल नैराश्य, व्यसन, घरातील मारहाण ही कोचिंगची कामे नव्हेत. अशा वेळी केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. ‘माझ्याकडे सगळ्यावर उत्तर आहे’ म्हणणाऱ्या कोचपासून मात्र चार हात लांबच राहावे.

कंपनी पैसे देत असेल तर गोपनीयतेचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवून घ्यावा. आमच्याकडे एका विभागप्रमुखांनी कोचला जेवणाच्या वेळी गाठले आणि सहज म्हणून विचारले, ‘हा आमचा माणूस नोकरी सोडायच्या बेतात आहे का हो?’ कोच शांतपणे म्हणाले, ‘साहेब, ते तुम्ही त्यालाच विचारा. आमच्यात काय बोलणे झाले ते मी तुम्हालाही सांगणार नाही आणि एचआरलाही नाही.’ साहेबांना राग आला, पण कोचला हे ठामपणे म्हणता आले, कारण कागद आधीच झाला होता. उद्दिष्टे काय, भेटी किती, कंपनीला फक्त कोणत्या बाबी कळणार, हे त्यावर लिहून कोच, कर्मचारी आणि कंपनी अशा तिघांच्या सह्या होत्या. असा कागद नसेल तर कर्मचाऱ्याने मोकळेपणाने बोलावेच कशाला?

आता खासगी बाजाराविषयी. आमच्या सोसायटीतील एका मुलीची आयटीतली नोकरी गेली. ९९ रुपयांच्या वेबिनारपासून सुरुवात झाली, तीन तासांच्या शेवटी ‘आज रात्री बारापर्यंतच’ अशी सवलत आली आणि नो कॉस्ट ईएमआयवर तिने मोठ्या रकमेचे पॅकेज घेतले. प्रत्यक्षात शेकडो जणांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आठवड्याला एक रेकॉर्ड केलेला व्हिडिओ, आणि ज्यांच्या नावावर पैसे घेतले ते सर कधी भेटलेच नाहीत. तिने वर्ग सोडले तरी हप्ता चालूच राहिला, कारण तिची सही झाली होती ती वित्तसंस्थेच्या कर्जावर. नोकरी गेलेल्या माणसाच्या घाबरलेपणावर असा धंदा करणे मला अत्यंत क्रूर वाटते. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्जाला सुरुवातीचा ‘कूलिंग ऑफ’ काळ असतो. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येते. ही मुदत फार छोटी असू शकते, म्हणून ओटीपी देण्याआधीच ती विचारावी. सेवेबाबत फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

भाषेचा मुद्दा कोणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम मांडते. बहुतेक कोचिंग इंग्रजीत चालते. सांगली-सोलापूरकडून आलेले आमचे कितीतरी अभियंते इंग्रजीत अहवाल उत्तम लिहीत, पण वडिलांचा धाक, घरच्या अपेक्षा, साहेबासमोर दाटून येणारा गळा याबद्दल इंग्रजीत बोलताना ठरावीक वाक्यांच्या आड लपत. मराठी कोच मिळाल्यावर त्यांच्यातला एक जण पहिल्याच भेटीत तासभर बोलला. ‘आपण मराठीत बोलू शकतो का?’ हे विचारायला कोणी लाजू नये.

आपल्याला एक विनंती आहे. एखाद्या कोचचा लेख किंवा सल्ला छापताना नावाखाली त्यांचे प्रशिक्षण कोणत्या संस्थेचे, श्रेणी असल्यास कोणती आणि ते मानसोपचारतज्ज्ञ आहेत की नाहीत, हे एका ओळीत द्यावे. डॉक्टरांच्या लेखाखाली आपण पदवी देताच. आणि लेखाशेजारीच त्यांच्या सशुल्क कार्यशाळेची जाहिरात असेल, तर तिच्यावर ‘जाहिरात’ असे ठळकपणे छापावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मनुष्यबळ अधिकारी,
चिंचवड, पुणे