काकूंची दाढ काढण्याआधी

नौपाडा, ठाणे

प्रिय दिन्या,

तुझा फोन आला तेव्हा मी वाशी लोकलच्या दारात लोंबकळत होतो, धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. काकूंची दाढ सोमवारी काढायचीय आणि दातांच्या डॉक्टरांना त्यांच्या हृदयात बसवलेल्या झडपेबद्दल सांगितलेलं नाही, ‘तोंडाचा आणि छातीचा काय संबंध’ म्हणालास. पोटात गोळाच आला. संबंध माझ्या अंगावरून गेलाय.

गेल्या वर्षीचा माझा बारीक ताप आठवतो? संध्याकाळी अंग कढत, रात्री घामानं उशी ओली. तलावपाळीला एक फेरी मारली की धाप. इथल्या एका डॉक्टरांनी रक्त न तपासताच दोनदा अँटिबायोटिक दिलं. गोळ्या असेपर्यंत ताप गायब, संपल्या की हजर. अशा अर्धवट औषधानं जंतू मरत नाही, दबा धरून बसतो आणि रक्ताच्या कल्चरमध्येही, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीतही, सापडेनासा होतो. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या थांबवून तीनदा रक्त घेतलं, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. लहानपणच्या सांधेतापानं खराब झालेल्या माझ्या झडपेवर जंतूंचा झुबका! स्ट्रेप्टोकोकस, एरवी तोंडातच राहणारा. ब्रश केला की हिरडीतून रक्त यायचं आणि मी लवंग धरून बसायचो ना, तिथूनच शिरला असणार. चार आठवडे शिरेतून इंजेक्शनं. डाव्या हाताची शीर अजून नर्सला सापडत नाही.

धडधाकट झडपेला हे जंतू सहसा चिकटत नाहीत, खराब किंवा बसवलेल्या झडपेला चिकटतात. काकूंची तर धातूची. अशांना दाढ काढण्याआधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिनचा एकच डोस देतात, मोठ्या माणसाला २ ग्रॅम. पेनिसिलिनचं वावडं असेल तर वेगळं औषध, ते आधी सांग. रक्त पातळ करायची गोळी मात्र परस्पर बंद करू नका. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासून हृदयाच्या डॉक्टरांना विचार. झडपेवर गुठळी झाली तर दाढेचं रक्त परवडलं म्हणायची पाळी येईल.

वहिनींनी पाठवलेला ‘हिरड्या सुजल्या की हार्ट अटॅक’ हा मेसेज पुढे ढकलू नका. हिरड्यांचा आजार असलेल्यांत हृदयविकार जास्त दिसतो, धमन्यांत साचलेल्या थरांत तोंडातल्या जंतूंचे अंशही सापडलेत. पण अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ मध्ये पुरावा चाळून सांगितलं, एकामुळे दुसरं होतं हे सिद्ध झालेलं नाही. तंबाखू आणि मधुमेह दोन्ही घरं बिघडवतात.

तंबाखूवरून आठवलं, काकूंची मिश्री. जेवताना, दात घासतानासुद्धा थोडे जंतू रक्तात जातात, हिरड्या सुजलेल्या असल्या तर जास्तच. एका दिवसाच्या गोळीनं रोजचं तोंड कसं निभावणार? पण हे तू सांग. मागे मी डबी लपवली तर आठ दिवस मला तुमच्याकडे चहा नव्हता.

झडपेचं कार्ड आणि ऑपरेशनचे कागद आजच पिशवीत टाक. डॉक्टर काय म्हणाले ते रात्री नऊनंतर कळव, तोवर मी लोकलमधून उतरलेला असतो. दाढ निघाली की खरवस घेऊन येतोच.

तुझा,
सुध्या